देवगिरी ते नौरसपूर: गाण्याच्या मागावर दख्खनमध्ये

जुन्या गाण्याच्या खुणा बघायला निघालेला माणूस बहुधा ग्वाल्हेर गाठतो. मानसिंग तोमराचा किल्ला, गुजरी महाल, तानसेनाची कबर. ते सगळं बघावंच. पण मध्ययुगातल्या संगीताचा सगळ्यात मोठा ग्रंथ आपल्या देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, लिहिला गेला. त्यानंतर साधारण साडेतीनशे वर्षांनी विजापूरच्या एका सुलतानानं स्वतः रचलेल्या पदांचं पुस्तक केलं. या दोन्ही जागा आज एकाच राष्ट्रीय महामार्गावर आहेत. आत्यानं आयुष्यभर गाणं शिकवलं, आणि मला तिच्याइतकीच या जुन्या पुस्तकांची ओढ. जानेवारीच्या शेवटी, संक्रांतीची गर्दी ओसरल्यावर, आम्ही दोघी गाडी घेऊन निघालो.

शुक्रवार: दौलताबाद आणि खुलताबाद

रात्रीचा मुक्काम छत्रपती संभाजीनगरला होता. सकाळी किल्ल्याच्या दारात पोचलो तेव्हा चांद मिनाराचा वरचा निम्मा भाग धुक्यात होता. बाहेर पेरूवाल्या टोपल्या मांडत होत्या. आत्याच्या गुडघ्यांमुळे वर बारादरीपर्यंत जायचं नाही हे आधीच ठरलं होतं. तिला भारतमाता मंदिरापलीकडच्या कडुलिंबाखाली बसवलं आणि मी अंधारीपर्यंत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारापर्यंत, जाऊन आले.

(अंधारीत जायचं तर बॅटरी जवळ हवी, मोबाइलचा उजेड पुरत नाही. वटवाघळांचा वास जबर असतो, नाकाला रुमाल लावा. वरपर्यंत चढायचं असेल तर दहाच्या आत सुरुवात करा. नंतर खडक तापतो आणि सहलींची रीघ लागते.)

त्या मोठ्या ग्रंथाचा कर्ता शार्ङ्गदेव. त्याचं नाव असलेली पाटी मला किल्ल्यावर कुठे दिसली नाही. तो इथलाच. आजोबा भास्कर काश्मिरातून दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या सेवेत राहिले, आणि शार्ङ्गदेव सिंघण राजाच्या दरबारी श्रीकरणाधिप झाला, म्हणजे हिशेबखात्याचा मुख्य. सिंघणाचा काळ साधारण १२१० ते १२४७. दिवसा राज्याचा जमाखर्च बघणाऱ्या या माणसानं सात अध्यायांचा 'संगीतरत्नाकर' लिहिला: स्वर, राग, प्रकीर्णक (किरकोळ विषय), प्रबंध (गीतरचना), ताल, वाद्य आणि नर्तन. गीत, वाद्य आणि नृत्य मिळून संगीत, ही व्याख्या आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो ती त्याचीच. उत्तर हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही पद्धती या ग्रंथाला आपला पूर्वज मानतात. त्यावर सिंहभूपाल आणि विजयनगरचा कल्लिनाथ यांनी टीका लिहिल्या, आणि पुण्याच्या आनंदाश्रमानं १८९६-९७ मध्ये तो कल्लिनाथाच्या टीकेसह छापला.

हिशेबनीसाचं डोकं त्यात जागोजागी दिसतं. सप्तकातल्या बावीस श्रुती, म्हणजे बारीक स्वरांतरं, खऱ्या आहेत की नुसत्या सांगायच्या, हे तो दोन वीणांवर पडताळायला सांगतो. दोन्हींना बावीस-बावीस तारा. एक वीणा अचल ठेवायची, दुसरीच्या तारा पायरीपायरीनं उतरवत न्यायच्या आणि कुठली तार कुठल्या तारेशी जुळते ते कानानं ऐकायचं. चौथ्या पायरीला सगळा हिशेब मिळतो. मला हा भाग वाचताना दर वेळी त्याच्याबद्दल आदर वाटतो. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, तारा लावा आणि ऐका, असं तो सांगतो.

त्यानं एकूण २६४ राग नोंदले आहेत. त्यांत 'तुरुष्कतोडी' आणि 'तुरुष्कगौड' अशी दोन नावं आहेत. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला १२९६ मध्ये. म्हणजे त्याच्या साधारण पन्नास वर्षं आधी, यादवांच्या हिंदू दरबारात बसून एक पंडित तुर्कांच्या नावानं ओळखले जाणारे राग आपल्या यादीत बिनदिक्कत घालत होता. फौजा आल्या आणि मग संगीत मिसळलं, असा जो सरधोपट इतिहास आपण ऐकतो तो या दोन नावांपाशी अडखळतो. गाणारे-वाजवणारे फौजांच्या कितीतरी आधी ये-जा करत असणार.

मी परत आले तेव्हा आत्याभोवती मुलींचं कोंडाळं जमलं होतं. एका जिल्हा परिषद शाळेची सहल होती. आत्या प्रकीर्णक अध्यायातले गायकाचे दोष वाचत बसली होती आणि एका चुणचुणीत मुलीनं येऊन विचारलं होतं, "आजी, तुम्ही काय वाचताय?"

शार्ङ्गदेव पंचवीस दोष सांगतो आणि प्रत्येकाला नाव देतो. दात आवळून गाणारा तो संदष्ट. भलंमोठं तोंड वासणारा कराली. कावळ्यासारखा आवाज काढणारा काकी. गाताना मानेच्या आणि कपाळाच्या शिरा तटतटून फुगतात तो झोंबक. भोपळ्यासारखे गाल फुगवणारा तुंबकी. उंटासारखी मान वर काढणारा करभ. डोळे मिटून गाणारा निमीलक. नाकात गाणारा सानुनासिक. आत्यानं एकेक दोष वाचायचा आणि मुलींनी तो करून दाखवायचा, असा खेळ सुरू झाला. तुंबकीला सगळ्यांनी गाल फुगवले. करभाच्या वेळी एक उंच मुलगी टाचा उंचावून 'सा' लावायला लागली तेव्हा त्यांच्या बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. निमीलक आल्यावर तीच चुणचुणीत मुलगी म्हणाली, "पण टीव्हीवर तर सगळे डोळे मिटूनच गातात!"

"म्हणून तर वाचायचं हे," आत्या म्हणाली. "समोर बसलेल्या माणसाकडे बघून गायचं, बाळ. गाणं त्याच्यासाठी असतं."

जाताना मुलींनी तिला वहीतलं पान देऊन पंचवीसही नावं लिहून घेतली.

गोपाल नायकाची गोष्टही इथलीच. देवगिरीचा हा गवई अल्लाउद्दीनाच्या दरबारात गेला आणि अमीर खुसरोनं सिंहासनाखाली लपून त्याचं गाणं ऐकून ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं, असं गवई पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ही दंतकथा आहे, दंतकथा म्हणूनच ऐकावी. मला तिच्यापेक्षा इब्न बतूतानं डोळ्यांनी पाहून लिहिलेलं जास्त भावतं. चौदाव्या शतकाच्या मध्याला तो दौलताबादला आला होता. गाणाऱ्या स्त्री-पुरुषांचा एक मोठा बाजार इथे होता, त्याचं नाव तरबाबाद. मधोमध गालिचे अंथरलेला घुमट. दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर गवयांचा प्रमुख तिथे येऊन बसे आणि गायिका आळीपाळीनं येऊन सूर्यास्तापर्यंत गात, नाचत. महाकोटाच्या तटाला टेकून खालचं गाव बघताना मी तो बाजार कुठे भरत असेल याचा अंदाज घेत राहिले. आता तिथे उसाच्या रसाची गुऱ्हाळं आणि टोप्यांची दुकानं आहेत.

जेवून खुलताबाद. बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) हे दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. समा, म्हणजे सूफींची गाण्याची बैठक, त्यांना अतिशय प्रिय, आणि त्यांच्या अनुयायांची त्या बैठकीत डोलण्या-नाचण्याची एक वेगळी रीतच होऊन गेली. खुसरोचा जिवाभावाचा मित्र, कवी अमीर हसन सिजझी, हाही इथेच पुरला आहे. दिल्लीहून जी माणसं तुघलकानं इकडे आणली त्यांच्याबरोबर दिल्लीची मैफलही आली, हे खुलताबादच्या गल्ल्यांत फिरताना उमगतं. दर्ग्याच्या अंगणात एक म्हातारे गृहस्थ चटईवर बसून मोगऱ्याचे गजरे ओवत होते. आम्ही गाण्याचं विचारल्यावर त्यांनी उरुसाला यायला सांगितलं. "कव्वाल रातभर बसते," म्हणाले. (डोक्यावर ओढणी किंवा रुमाल हवा. शुक्रवारी दुपारी गर्दी असते, तीननंतर निवांत.)

संध्याकाळी शहरात मी नान-खलिया खाल्ला, आत्यानं वरण-भातावर भागवलं.

शनिवार: रस्ता

बीड, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, भीमा ओलांडली की कर्नाटक. रस्ता उत्तम. येरमाळ्याच्या पुढे एका शेतात हुरड्याची पाटी दिसली आणि तासभर तिथेच गेला. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, हातावर चोळून फुंकर मारून दिलेला कोवळा हुरडा, शेंगदाण्याची चटणी, ताक. शेतातली काकू आत्याच्या पानात वाढतच राहिली.

तुळजापूरला देवीचं दर्शन घेऊन बाहेर पडलो तर पायऱ्यांवर गोंधळी संबळ घट्ट करत होते. 'संगीतरत्नाकरा'च्या नर्तनाध्यायात 'गौंडली' नावाचा नाच येतो. त्याचा आणि आपल्या गोंधळाचा धागा जोडणारे अभ्यासक आहेत. तो किती पक्का हे मी सांगू शकत नाही, पण संबळ ऐकताना तो अध्याय आठवतो खरा.

याहून पक्का धागा ओवीचा. या रस्त्याच्या पूर्वेला, बसवकल्याणला, चालुक्यांची राजधानी होती. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वरानं ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' लिहिला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी स्पष्ट नोंद त्यात आहे. मग शार्ङ्गदेव प्रबंधांच्या यादीत चर्चरी, धवल, मंगल यांच्या ओळीत ओवीलाही बसवतो. आणि १२९० मध्ये, यादवांच्याच राज्यात, ज्ञानेश्वरी ओवीत उतरते. राजांनी आणि पंडितांनी बायकांचं कामाचं गाणं ऐकलं, त्याला नाव दिलं, ग्रंथात जागा दिली. आत्या गाडीत म्हणाली, "आमच्या परीक्षेच्या पुस्तकात ध्रुपद, धमार, ख्याल सगळं होतं. ओवी नव्हती. ती मराठीच्या पुस्तकात." मला हे फार लागलं. सोलापूरपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो.

सोलापूरला कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन ठेवली. ती पुढे सगळ्या प्रवासभर पुरली. विजापुरात पोचेस्तोवर अंधार पडला होता, आणि गोल घुमटावरचे दिवे दुरूनच दिसायला लागले.

रविवार: विजापूर

गोल घुमटावर मी फार लिहीत नाही. सगळे जातात, जायलाच हवं. फक्त उघडल्याबरोबर जा. नऊनंतर वरच्या सज्ज्यात इतका आरडाओरडा असतो की त्या घुमटाची खरी करामत, पलीकडच्या भिंतीपाशी पुटपुटलेला शब्द इकडे कानात पडणं, ऐकूच येत नाही. जिने खडे आहेत. आत्या समोरच्या संग्रहालयात थांबली. ते संग्रहालय म्हणजे मूळचा नगारखाना.

आमचा खरा ओढा इब्राहीम रौज्याकडे. बाहेरून टांगा केला. टांगेवाले चाचा सत्तरीच्या पुढचे, तोंडात पक्की दखनी. "गानेवाले बादशाह कू देखने कू आए? लोगां तो गुंबद देखते, फोटो निकालते, जाते." आत्या एकदम खूश झाली. पुढचे दोन दिवस त्यांनाच घेऊन फिरलो.

दुसरा इब्राहीम आदिलशहा १५८० मध्ये नऊ वर्षांचा असताना गादीवर आला. सुरुवातीला राज्य त्याच्या काकूनं, चांदबीबीनं, सांभाळलं. तो १६२७ मध्ये वारला. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. 'किताब-ए-नौरस' (नऊ रसांचं पुस्तक) हे त्याचं पुस्तक दखनीत आहे. ५९ पदं आणि १७ दोहे. प्रत्येक पदावर रागाचं नाव मुकाम म्हणून लिहिलेलं: भूपाली, तोडी, मल्हार, केदार, कल्याण, धनाश्री, कानडा. त्यांच्यातच फारशी नावाचा नवरोजही येतो. देवगिरीच्या यादीतल्या तुरुष्कतोडीची आठवण होते ती इथे. पदांत सरस्वती आहे, गणपती आहे आणि गुलबर्ग्याचे बंदेनवाज गेसूदराजही आहेत. गणपती माझा पिता, सरस्वती माझी माता, असं हा सुलतान स्वतःबद्दल म्हणतो. भैरव रागाचं वर्णन करताना तो कापरासारखा गोरा, कपाळी चंद्र, जटेत गंगा असा महादेवच उभा करतो. त्याच्या मोतीखान नावाच्या तंबोऱ्यावर आणि आतिशखान नावाच्या हत्तीवरही पदं आहेत. विरहाच्या पदांत तो माणूस म्हणून फार जवळचा वाटतो.

अकबराचा वकील असद बेग १६०३-०४ मध्ये विजापूरला आला होता. त्यानं लिहून ठेवलंय की सुलतान गाण्यात इतका बुडालेला असे की बोलण्याकडे लक्ष देणं त्याला जड जाई. त्यानं असद बेगला विचारलं काय, तर तानसेन बादशहासमोर उभा राहून गायचा की बसून? राजकारणाचा इतका मोठा मामला समोर आणि प्रश्न हा! दरबारात उभं राहून, एरवी बसायची परवानगी असे, असं उत्तर मिळालं. (याच असद बेगानं विजापुराहून तंबाखू नेऊन अकबराला दाखवली.) पुढे जहांगीरही आपल्या आठवणींत लिहितो की बख्तरखान नावाच्या कलावंताला या सुलतानानं आपली पुतणी दिली होती आणि ध्रुपदात त्याला गुरू केलं होतं. कलावंताला घरात घेणारा राजा त्या काळात दुसरा मला माहीत नाही.

रौज्याच्या आवारात सकाळची उन्हं तिरपी येत होती. एकाच चौथऱ्यावर इकडे कबर, तिकडे मशीद, मधे कोरडा हौद. मलिक संदल हा त्याचा करणारा. मूळ बेत राणी ताजसुलतानेसाठी होता. खिडक्यांच्या जाळ्या बघायला अगदी नाक लावून उभं राहा: दगडात अक्षरं कोरून त्यांच्या मधल्या फटींतून उजेड आत घेतला आहे. बोट लावलं तर अक्षराची कड गार लागते आणि फटीतून येणारा वारा कोमट. मी अर्धा तास एकाच खिडकीपाशी होते. चाचा बाहेरून सांगत होते, "येच खिडकी में से सूरज अंदर आता, शाम कू आव तो और देखते."

आत्या मशिदीसमोरच्या पायरीवर बसून भूपाली गुणगुणत होती. मी म्हटलं, "आत्या, त्याची भूपाली अशीच असेल का गं?" ती म्हणाली, "अशी नसणारच. नाव पोचलं आपल्यापर्यंत, स्वर वाटेत किती बदलले असतील. शार्ङ्गदेवाच्या तोडीवरून आजची तोडी काढता येते का? तसंच हे." रागांची नावं वाचून हुरळून जाणाऱ्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवावं. ग्रंथ आपल्याला नियम, नावं, शब्द देतो. त्या काळचा आवाज देत नाही.

दुपारी एका लिंगायत खानावळीत जेवलो. जोंधळ्याच्या पातळ भाकऱ्या, भरली वांगी, शेंगाची आणि जवसाची चटणी, दही, कच्ची मेथी. भाकरी ताटात यायची ती तव्यावरून थेट. (अशा खानावळी बसस्टँडच्या आजूबाजूला भरपूर आहेत. मराठी बहुतेकांना कळतं.)

सोमवार: तोरवी आणि नौरसपूर

विजापूरच्या पश्चिमेला, पाच-सहा किलोमीटरवर तोरवी. इब्राहीमनं १५९९ मध्ये इथे गाण्यासाठी नवं शहर वसवायला घेतलं. नाव नौरसपूर. कवी, गवई, चितारी, कारागीर यांना वसवायचं, नौरसची ईद साजरी करायची, असा सगळा मनसुबा. १६२४ मध्ये, भातवडीच्या लढाईनंतर, मलिक अंबरनं ते लुटून उद्ध्वस्त केलं. त्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूनं होते. आपल्या इतिहासात भातवडी हा पराक्रमाचा अध्याय आहे आणि तो आहेच. पण त्याच मोहिमेच्या शेपटाला एक गाण्याचं शहर संपलं, आणि ते उभारणारा राजा हे बघायला जिवंत होता.

आता तिथे संगीत महाल नावाचा पडका वाडा उरलाय. मधली प्रचंड कमान शाबूत आहे, छत नाही, समोर कोरडा तलाव, बाजूला वेड्या बाभळी. मी मागच्या भिंतीकडे वळले तशी चाचांनी हाक मारली, "नक्को बेटी, उधर काँटे हैं!" कमानीखाली वारा घोंगावत होता. आत्यानं एकदा खर्ज लावून पाहिला. वर छतच नसल्यानं सूर निघून जात होता. मग ती भिंतीच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसली, तिथे आवाज जरा परत यायला लागला, आणि तिथेच तिनं केदारातलं एक जुनं ध्रुपद सावकाश म्हटलं. दोन बकऱ्या आणि त्यांची राखण करणारा एक मुलगा ऐकत उभे होते. मुलानं संपल्यावर टाळ्या वाजवल्या.

(इथे सावली आणि पाणी दोन्ही नाही. सकाळी जा, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घाला. तोरवीचं नरसिंहाचं देऊळ जवळच आहे, तिथे पाणी मिळतं.)

देवळाच्या ओट्यावर एक अज्जी जोंधळे निवडत बसल्या होत्या. त्यांना मराठी थोडं, आम्हाला कन्नड त्याहून थोडं, मधे चाचा. आत्यानं विचारलं, जात्यावर गाता का? अज्जी म्हणाल्या, जातं आता कोपऱ्यात पडलंय, गिरणी आली. पण गाणी आहेत. बीसुकल्लिन पद म्हणतात त्यांना. "म्हणा ना," असं म्हणायचा अवकाश, त्यांनी सूप बाजूला ठेवलं, उजवा हात हवेत गोल फिरवायला सुरुवात केली आणि गायला लागल्या. हात फिरल्याशिवाय त्यांना गाणं सुचतच नव्हतं. ओळ संपली की हात क्षणभर थबकायचा, डावा हात पुढे व्हायचा: तो जात्यात वैरण, म्हणजे मूठभर दाणे, घालायचा क्षण. जातं नाही, दाणे नाहीत, पण ती थबक नेमकी त्याच ठिकाणी. आत्यानं मग माझ्या आजीच्या ओव्या सुरू केल्या, पहिली ओवी देवाला, दुसरी माहेराला, आणि तिचाही हात फिरायला लागला. दोघींच्या चाली वेगळ्या, थबक एकच.

इथून शहापूरची टेकडी जवळ आहे. तिथे मीराँजी शम्सुल उश्शाक, बुऱ्हानुद्दीन जानम, अमीनुद्दीन आला या चिश्ती सूफींची परंपरा नांदली. या परंपरेतून 'चक्कीनामा' आला: बायकांनी दळताना म्हणायची दखनी गाणी. जात्याचा खुंटा अलिफसारखा उभा, म्हणजे अल्लाचं नाव. आपलं शरीरही एक जातंच, जपून दळा, अशी शिकवण. विद्वानांच्या फारशीत सांगून जे घराघरांत पोचलं नसतं ते जात्याच्या लयीवर पोचलं. सोमेश्वरानं बाराव्या शतकात ज्या गाण्याची नोंद केली तेच गाणं पाचशे वर्षांनी याच मुलखात वारकऱ्यांच्या आणि सूफींच्या, दोघांच्याही कामी आलं. मध्ययुगाचं संगीत लिहिताना दरबाराला जितकी पानं मिळतात तितकी या जात्याला मिळाली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. दरबार मोडले, नौरसपूर पंचवीस वर्षांत संपलं. अज्जींच्या हाताची ती थबक आजही तशीच आहे.

चाचांनी शेवटच्या फेरीचे पैसे घ्यायचं नाकारलं. आत्यानं त्यांच्या नातीसाठी म्हणून खिशात कोंबले.

मंगळवार: अथणीमार्गे मिरज

आत्याच्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा घुमारा, गेली होती, तो सगळा प्रवास मागच्या सीटवर रजईत गुंडाळून होता. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तो द्यायचा, म्हणून परतीचा हा रस्ता. अथणी, कागवाड, मिरज, दुपारपर्यंत पोचलो.

गल्लीत दोन्हीकडे छताला भोपळे टांगलेले, लाखेचा वास, आणि कुठून तरी सतत एखादी तार छेडल्याचा आवाज. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यं करायला घेतली, फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव त्यात पहिलं येतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

शार्ङ्गदेवाच्या वाद्याध्यायात एकतंत्री आहे, किन्नरी आहे, बासऱ्यांचे कितीतरी प्रकार आहेत, पण तंबोरा नाही. इब्राहीमच्या हातात मोतीखान येतो तोवर लांब दांडीचं वाद्य गाणाऱ्याच्या सोबतीला आलेलं दिसतं. अखंड षड्जावर आलाप करायची आपली सगळी सवय या मधल्या शतकांतली. आत्यासारखी माणसं तंबोऱ्याशिवाय गाण्याची कल्पनाच करू शकत नाहीत, पण देवगिरीचा गवई त्याच्याशिवायच गात होता.

कारागिरांनी तंबोरा मांडीवर घेतला, तारा सैल केल्या आणि घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) काढून उजेडात तिरपी धरली. तारांनी तिच्यावर बारीक चरे पाडले होते. कानशीचे दोन-चार हलके हात, मग घोडी परत बसवून तार लावायची, ऐकायची, पुन्हा काढायची. मोजायला हत्यार काही नाही. तारेखाली दोरा सरकवत ते एका जागी थांबले आणि तार एकदम मोकळी बोलायला लागली.

"एवढी खुली नको," आत्या म्हणाली. "बायकी आवाजाच्या अंगावर येते. जरा बंद ठेवा."

"बाई, चार दिवस वाजली की बसेल ती. आत्ता बंद केली तर महिन्यात मुकी होईल."

यावर दोघांचं बराच वेळ चाललं, आणि शेवटी आत्यानं ऐकलं. दांडीला एक बारीक चीरही निघाली, त्यामुळे तंबोरा ठेवून यावा लागला. मी वर टांगलेल्या भोपळ्यांकडे बघत होते तर त्यांनी एक उतरवून हातात दिला: अगदी हलका, टिचकी मारली की आतून गोल आवाज. हे पंढरपूरकडून येतात, म्हणाले. यंदा पाऊस नको तेव्हा पडला, त्यामुळे सालीची जाडी कमी भरलीय, तंबोऱ्याजोगे मोठे भोपळे निवडायला त्यांना दोन वेळा तिकडे जावं लागलं.

(दुरुस्तीला वाद्य न्यायचं तर आधी फोन करा. उरुसाच्या आणि डिसेंबरच्या संगीत महोत्सवांच्या दिवसांत कारागिरांना अजिबात फुरसत नसते. गल्लीपासून मीरासाहेब दर्गा चालत जाण्याजोगा आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथेच आहे. विजापूर-मिरज रस्त्यावर पेट्रोल अथणीत भरून घ्या. इब्राहीम रौजा आणि तोरवी एका दिवसात उरकू नका.)